नऊ मीटरची गल्ली

6 जून 2022, तुकूम, चंद्रपूर

समोरच्या घराचा ओटा आज फोडला. नळ यायच्या आधीच माणसं घण घेऊन हजर होती. त्या ओट्यावर बसून मी वाटाणे सोलले, कुरड्या राखल्या, ह्यांची सेकंड शिफ्ट सुटायची वाट पाहिली. 1984 साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा औष्णिक वीज केंद्राचा, आमच्या भाषेत थर्मलचा, दुसरा संच नुकताच सुरू होत होता आणि आमचा लेआउट म्हणजे तुरीच्या शेतात टाकलेल्या चुन्याच्या रेषा होत्या. समोरचे भाऊजी ह्यांच्याच खात्यातले. ते गेले, वहिनी मुलाकडे हैदराबादला गेल्या आणि घर बिल्डरकडे गेलं.

प्लॉट 30 बाय 50 चा. शेजारचाही त्यानेच घेतलाय. दोन्ही मिळून 3000 चौरस फूट, खाली पार्किंग, वर चार मजले, आठ फ्लॅट. जिथे दोन चुली होत्या तिथे आठ होतील. गल्लीत 22 प्लॉट आहेत. जोडीजोडीने सगळे असेच गेले तर 88 बिऱ्हाडं. रस्ता मात्र तोच नऊ मीटरचा, नाली तीच फूटभर रुंदीची, पाण्याची लाइन तीच.

मुंबई-पुण्याकडे याला पुनर्विकास म्हणतात. तिथे सोसायटी असते, सभा असते, 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे, 51 टक्के सभासदांची संमती लागते. आमच्याकडे प्रत्येकाचा प्लॉट वेगळा, आखीव पत्रिका वेगळी. कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच येत नाही. लोक एवढंच म्हणतात, ‘घर काढून स्कीम टाकली.’ गल्ली पूर्ण बदलते, पण गल्लीची सभा कधी होत नाही.

12 जून

मुलाचा पुण्याहून फोन. ‘आई, भाव बरा आहे तोवर आपणही विचार करू. एक फ्लॅट तुला, वर पैसे.’ त्याचं चुकत नाही. जिना चढताना माझा गुडघा दुखतो, वरच्या खोल्यांत कुणी राहत नाही, गच्ची गळते. घर म्हातारं झालं की काढावं लागतं, हे मला मान्य आहे. मला अडतंय ते दुसरीकडे. मी त्याला म्हटलं, ‘आधी मला गल्ली मोजू दे.’ तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘मोज.’

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन, सिव्हिल. नगररचनेच्या नोकरीत 31 वर्षं नकाशे काढले, तेही दुसऱ्यांच्या गावांचे. स्वतःच्या गल्लीचा एकही नाही.

संध्याकाळी माळ्यावरून पेटी उतरवली. रोट्रिंगची पेनं सुकून दगड झाली होती. नळ्या कोमट पाण्यात साबणाच्या चार थेंबांत बुडवून ठेवल्या. तासाभराने 0.2 च्या निबमधून शाईचा एक निळसर धागा पाण्यात सुटला आणि मला एकदम ऑफिसातला अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत झोंबणारा वास आठवला.

19 जून

मोजणी सुरू. मदतीला शेजारची मुलगी, पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. टेपचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. लोक फाटकाशी येऊन विचारतात.

‘काकू, गल्ली कायले मोजून राह्यले जी? रस्ता रुंद होते का?’

‘नाही हो. आपल्याच माहितीसाठी.’

‘मंग माही सीताफळाची झाडं बी टाका त्याच्यात.’

टाकली. दोन सीताफळं, अकरा कडुनिंब, एक जुनं मोहाचं झाड, सतरा बोअर. कडुनिंब कुणी लावलं, कधी लावलं, हेही बाजूला लिहायचं ठरवलं. मे महिन्यात इथे पारा 47 पर्यंत चढतो. ज्या प्लॉटच्या पश्चिमेला झाड आहे त्या घरात दुपारी निजता येतं. साइड मार्जिनच्या हिशेबात या गोष्टीला रकाना नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून जवळजवळ राज्यभर जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, तिच्यात मूळ एफएसआय 1.10, वर प्रीमियम, वर टीडीआर, वर अँसिलरी, असं एकेक चढत जातं. नियमावली वाईट नाही. पूर्वी गावागणिक नियम वेगळे होते, त्यात माणूस भरडला जायचा. पण ती प्लॉटशी बोलते. 22 प्लॉट एका नालीवर बसलेत, हे तिला दिसायची सोय नाही.

24 जून

पाऊस हुलकावणी देतोय. आज पायऱ्या मोजल्या.

आमच्या घराला 1984 मध्ये रस्त्यापासून तीन पायऱ्या होत्या. मुलगा तिसरीवरून उडी मारायचा, त्याचा फोटो आहे. आज एक आहे, तीही अर्धी. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. डांबरावर डांबर, त्यावर सिमेंट. दर वेळी जुना थर न उकरता नवा टाकला. नवी स्कीम येते ती रस्त्याच्या वर आणखी दोन फूट भरणी करून. तिचं पाणी मग आमच्याकडे. पुढच्याने तेच केलं की त्याचं पाणी त्याच्या शेजाऱ्याकडे. प्रत्येकाने आपापलं घर वाचवलं आणि गल्लीचा खड्डा झाला.

गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली. पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर राहतं. याहून खरं यंत्र नाही. मारुतीच्या देवळाचा ओटा हा शून्य धरला, कारण तो लेआउट पडायच्या आधीपासूनचा आहे आणि कुणी उचललेला नाही. तिथून एकेका कंपाउंडवर खडूने रेघ मारत आलो. मुलीने नळीचं टोक धरलं, मी आकडे लिहिले. वरच्या टोकाचा रस्ता ओट्याच्या चौदा इंच वर. आमचं फाटक तीन इंच खाली. कोपऱ्यावरचं जुनं कौलारू घर अकरा इंच खाली. त्या घरातल्या आजी रेघेकडे पाहत म्हणाल्या, ‘मी तं केव्हाची सांगून राह्यली.’

2 जुलै

आज जे लिहायचंय ते बरीच वर्षं टाळलं.

नोकरीला बारा वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा सुधारायचा होता. गावाचं नाव लिहीत नाही. कायदा असं सांगतो की आराखड्याआधी जागेवर जाऊन आज जमिनीचा वापर काय आहे याचा नकाशा करा. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ते स्पष्ट आहे. आमच्या टेबलावर जो नकाशा होता तो काही वर्षं जुना होता. त्यावर गावाच्या उत्तरेला रिकामं पडीक. साहेबांनी तिथे पेन्सिलीने ‘खेळाचे मैदान’ लिहिलं आणि मी हिरव्या शाईने हॅचिंग केलं. सरळ, सुबक, सारख्या अंतराच्या रेषा. माझ्या हॅचिंगचं तेव्हा ऑफिसात कौतुक व्हायचं.

हरकतींसाठी तीस दिवस. एकोणतिसाव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांच्यासोबत चार-पाच बाया. तिथे तीसेक घरं कधीचीच उभी होती, गुंठ्या-गुंठ्याने घेतलेल्या जमिनीवर. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘बाई, माझं घर कुठं हाय याच्यात?’

मी त्यांच्या घरावर रेषा मारल्या होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. ‘अर्ज द्या’ म्हटलं.

सुनावणी झाली, काही प्लॉट वगळले, बाकीचे राहिले. पुढे कितीतरी वर्षं त्या घरांना बांधकाम परवानगी नाही, बँकेचं कर्ज नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर नोटीस देऊन आरक्षण सोडवता येतं, कलम 127 आहे. पण त्यासाठी मालकीचा कागद हवा, वकील हवा, आणि असं कलम आहे हे कळायला हवं. मैदानही झालं नाही. मुलं त्या घरांच्या मधल्या बोळात खेळत राहिली.

चूक ऑफिसची होती, नकाशा जुना होता, सगळं खरं. पण रेषा माझ्या हाताच्या होत्या. मी एक दिवस एसटीने जाऊन आले असते तर मला ती घरं दिसली असती.

10 जुलै, आषाढी एकादशी

दुपारपासून पाऊस जो लागला तो लागला. छत्री घेऊन गल्लीत उभी राहिले. नकाशाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत, हातात पेन्सिल. पाणी ज्या दिशेला वाहतं तिथे बाण. दोन तासांत सारा कागद बाणांनी भरला आणि एक गोष्ट ध्यानात आली: सगळे बाण दक्षिणेकडच्या मोठ्या नालीकडे जात नाहीत. गल्लीच्या मधोमध, प्लॉट नंबर 9 पाशी, ते वळतात. तिथे पाणी साचत नाही, तरी बाहेरही जात नाही. मुरतं. एवढं पाणी काळ्या जमिनीत एका जागी कसं मुरतं, कळेना.

प्लॉट 9 चे काका खिडकीतून बघत होते. हात केला, त्यांनी पडदा ओढला.

19 जुलै

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आल्या नाहीत. दहा वाजता त्यांचा फोन: ‘काकू, घरात कमरीएवढं पाणी हाय. महानगरपालिकेच्या शाळेत येऊन बसलो.’ त्या रहमतनगरला राहतात, बिनबा गेटच्या बाहेर, इरईच्या काठी.

पोळ्या, चटणी, जुन्या साड्या, मुलांची दप्तरं असं घेऊन मी आणि शेजारीण रिक्षाने गेलो. शाळेच्या वर्गात बाकांवर गाद्या, गाद्यांवर कोंबड्या. ताईंनी शिलाई मशीन कपाटावर चढवून ठेवलं होतं, तेवढं वाचलं. ‘2006 ले आला, 2013 ले आला, अन् आता,’ त्या म्हणाल्या. बोटांवर मोजत पुढचं साल शोधत असल्यासारख्या थांबल्या.

वर थर्मलसाठी बांधलेलं इरई धरण. ते भरलं की दरवाजे उघडावेच लागतात. खाली वर्धा नदी फुगलेली, ती इरईचं पाणी घेत नाही, उलट मागे लोटते. मधे पात्र गाळाने उथळ, काही ठिकाणी काठावर खाणीच्या मातीचे डोंगर. पाण्याला एकच जागा उरते, ती म्हणजे माणसांची घरं.

पूररेषा दोन असतात. निळी, साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. लाल, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. हा नियम हवाच. पण निळी रेषा येण्याआधी बांधलेल्या घरांचं काय करायचं, हे रेषा सांगत नाही. ती घरं दुरुस्तही नीट होत नाहीत, हलतही नाहीत. वीस वर्षांच्या आराखड्यात खरं तर हेच पहिलं पान असायला हवं: इतकी कुटुंबं, इतक्या वर्षांत, टप्प्याटप्प्याने, या शाळेपासून आणि या बाजारापासून एक-दोन किलोमीटरच्या आत, उंच जागेवर. ताईंची चार घरची कामं आहेत. त्यांना शहराबाहेर दहा किलोमीटरवर फ्लॅट दिला तर त्या परत नदीकाठी येतील, कारण काम इथे आहे. आणि त्या येतील तेव्हा त्यांना अतिक्रमण म्हणतील.

24 जुलै

पाणी उतरलं. ताईंच्या घरातला गाळ काढायला गल्लीतली सहा माणसं गेली. भिंतीवर पाण्याची रेघ साडेतीन फुटांवर. त्यांच्या मुलाने खिळ्याने तिथे तारीख कोरली.

येताना विठोबा खिडकीजवळ मावसभावाकडे थांबले. त्याचं घर जुन्या शहराभोवतीच्या परकोटाच्या आत, कोटाला जवळजवळ खेटून. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कौलं. या पावसात मागची भिंत फुगलीय.

परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा. खांडक्या बल्लाळशहाने पाया घातला, पुढच्या गोंड राजांनी पुरा केला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या चार वेशी आणि पाच खिडक्या. हत्तीवर स्वार झालेला सिंह दारावर. लहानपणी आम्ही मावशीकडे आलो की कोटावर चढून पतंग उडवायचो; तेव्हा कोटावर झुडपांचं रान होतं. मार्च 2017 पासून इको-प्रोच्या बंडू धोतरे आणि त्यांच्या मुलामुलींनी रोज सकाळी कुऱ्हाडी-फावडी घेऊन ते रान काढलं. आज त्यावरून चालता येतं. मला त्या पोरांचा मनापासून अभिमान वाटतो.

कोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. 2010 च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीने. शंभर मीटरच्या आतल्या जुन्या, 1992 पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगी घेऊन. एखादं देऊळ किंवा समाधी असेल तर शंभर मीटरचं वर्तुळ लहान असतं. इथे अकरा किलोमीटरची माळ आहे. दोन्ही बाजूंनी शंभर मीटर धरले तर जुन्या चांद्याचे कितीतरी वॉर्ड त्यात येतात.

मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, कोट पडावा असं मले कधीच नाही वाटलं. पण कोट उभा राहावा म्हणून माह्यं घर पडू द्याचं का?’

दोघंही उभे राहिले पाहिजेत, असं मी म्हटलं. बोलताना जाणवलं, हे वाक्य नुसतं बोलून चालणार नाही, त्यामागे काम असतं. कोटालगतच्या प्रत्येक घराची नोंद, कुठलं मातीचं, कुठलं विटांचं, कुठल्या भिंतीला टेकू हवा. दुरुस्तीचे चार-पाच ठरलेले नमुने, चुना, माती आणि सागाचे. आणि परवानगी वॉर्डातच मिळेल अशी खिडकी. या शहरात खिडकी हा शब्द वेशीपेक्षा लहान, माणसाला जाता-येता येईल अशा दारासाठीच वापरतात.

भिंतीचा नकाशा काढून ठेवला. दोन टेकू कुठे द्यायचे ते खुणा करून दिलं.

27 ऑगस्ट

काल संध्याकाळी घुग्घूसला, आमराई वॉर्डात, एक राहतं घर जमिनीत गेलं. तडा नाही, कलणं नाही, सरळ खाली, साठ-सत्तर फूट. घरातली माणसं आवाज ऐकून बाहेर पळाली म्हणून वाचली. सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर तोच खड्डा. खाली इंग्रजांच्या काळातली जुनी कोळसा खाण.

जमिनीखालची खाण कशी चालते हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. कोळसा काढत जायचा आणि छत धरायला मधे कोळशाचेच खांब सोडायचे. खाण संपली की पोकळीत वाळू भरायची. कुठे भरली, किती भरली, खांब किती राहिले, हे खाणीच्या नकाशावर असतं. घर बांधणाऱ्याच्या नकाशावर वरची जमीन असते. दोन नकाशे दोन कार्यालयांत. एकावर एक ठेवून उजेडात धरायचे, एवढंच काम आहे. आम्ही ट्रेसिंग पेपर वापरायचो तो याचसाठी: खालचं दिसावं म्हणून.

चंद्रपुरातही लालपेठ, महाकाली, रय्यतवारी ही नावं कोलियरींचीही आहेत आणि वस्त्यांचीही. त्या बाजूला आता चार-चार मजले चढतायत.

दुपारी मुलगी आली. तिने विचारलं, ‘काकू, आपल्या खाली काय आहे?’

मला उत्तर देता आलं नाही.

6 सप्टेंबर

आपल्या खाली काय आहे ते शोधायला निघाले. भूमी अभिलेखातून लेआउटची जुनी प्रत, तलाठ्याकडून अकृषक होण्याआधीचा सातबारा. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला रेकॉर्ड काढून देणाऱ्या पोराने खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

1978 चा सातबारा. पीक तूर आणि ज्वारी, जिरायत. इतर नोंदींत एक ओळ: विहीर 1.

लेआउटच्या मंजूर नकाशावर विहीर नाही. पूर्वेला एक बारीक नाल्याची तुटक रेषा आहे, जी आज तीन कंपाउंडांच्या आत गेलीय. ती सापडली. विहीर नाही सापडली. गल्लीत सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं देवळामागे होती, कुणी म्हणालं ओपन स्पेसमध्ये, कुणी म्हणालं आमच्या वेळेस नव्हतीच. कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘होती. मोट होती तिच्यावर. मी पाणी शेंदलं हाय.’ कुठे, ते त्यांना सांगता येईना. ‘आता समदी घरंच दिसते बाई. झाड राह्यलं असतं तं सांगतली असती जागा.’

18 सप्टेंबर

जुन्या वहीत गेडिसवरची टिपणं सापडली. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा, मूळचा वनस्पतीशास्त्राचा माणूस. 1914 नंतर हिंदुस्थानात येऊन एकेका शहराच्या गल्ल्या पायी फिरला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापकही तोच. त्या काळी इंजिनीअर लोक दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचे आणि शेकडो घरं पाडायचे. गेडिस म्हणायचा, आधी घरोघर पाहणी करा. मग जिथे पडकं घर आहे तेवढंच काढा, तिथे झाड लावा, विहीर साफ करा, बोळाचं तोंड मोकळं करा. खर्च थोडा, उठवायची माणसं थोडी.

इंदूरला होळकरांकडे त्याने दिवाळीची मिरवणूक बसवली होती. प्लेगचे दिवस. त्याने जाहीर केलं की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या मोहल्ल्याने सगळ्यांत जास्त सफाई आणि डागडुजी केली असेल तिथून जाईल. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला, घरं रंगवली.

मला नेहमी वाटतं, त्याला गल्ली हे एकक कळलं होतं. आपल्याकडे प्लॉटचा नियम आहे आणि शहराचा आराखडा आहे. मधलं कुणीच नाही. 3 लाख 20 हजारांचं शहर, 2011 च्या मोजणीने, आता अधिकच. त्याचा आराखडा करणाऱ्याला माझ्या फाटकासमोरचे तीन इंच दिसणार नाहीत, आणि त्याने दिसावेत अशी अपेक्षाही चूक. ते आम्ही दाखवायला हवेत. आराखडा सुधारायला निघेल तेव्हा तीस दिवसांत अर्ज लिहायची धावपळ करण्यापेक्षा नकाशा तयार असावा. खाली सही 22 घरांची.

थर्मलचाही विचार मनात येतो. ज्या पहिल्या दोन संचांमुळे ही वस्ती झाली ते 210 मेगावॅटचे संच बंद झाले. आज क्षमता 2920 मेगावॅट आहे, पण कोळशाला शेवट आहे. चाळीस वर्षांनी या 88 फ्लॅटमध्ये कोण राहील? घराचं आयुष्य साठ वर्षांचं, आराखड्याचं वीस, बिल्डरचं तीन. गल्लीने यातलं कुठलं धरायचं, हे कोजागरीला सगळ्यांपुढे मांडायचं ठरवलंय.

9 ऑक्टोबर, कोजागरी

नकाशा शाईत पूर्ण. 1:100 वर, चार शीट जोडून. देवळाच्या भिंतीला सुतळीने टांगला, वर दोनशेचा बल्ब. दूध आटेपर्यंत लोक नकाशाभोवतीच. प्रत्येकाने आधी आपलं घर शोधलं, मग शेजाऱ्याचं. मुलांनी आपली मांजरं कुठे बसतात ते विचारलं.

मी चारच गोष्टी मांडल्या. यापुढे गल्लीत काहीही बांधलं तरी भरणी देवळाच्या ओट्यापासून मोजायची, रस्त्यापासून नाही. पूर्वेची नाल्याची पट्टी तिघांनी मिळून मोकळी करायची. रस्ता नवा करताना जुना थर उकरावा, असा 22 घरांचा अर्ज महानगरपालिकेला द्यायचा. आणि ज्याला घर विकायचंय त्याने विकावं, फक्त आधी गल्लीला सांगावं.

शेवटच्यावर बराच वेळ गेला. ‘माह्यं घर, मी कोनाले कायले सांगू?’ हा प्रश्न तिघांनी विचारला आणि तो रास्त आहे. एकाच्या मुलीचं लग्न अडलंय, एकाला दवाखान्याचं देणं आहे. मी म्हटलं, भाव सांगू नका, तारीख सांगा. त्यावर होकार-नकार काही झाला नाही. समोरच्या स्कीमचा सुपरवायझर दूध प्यायला आला होता. त्याने नकाशाचे फोटो काढले आणि ओट्यापासूनची उंची दोनदा विचारली. नाल्याची पट्टी ज्यांच्या कंपाउंडात आहे त्यांतले दोघे तयार झाले. तिसरे उठून गेले.

दहाच्या सुमाराला पांगापांग झाली. मी सुतळी सोडत होते तेव्हा प्लॉट 9 चे काका आले. एकटेच. नकाशाकडे बघत उभे राहिले. मग बाणांच्या गर्दीवर, जिथे पाणी मुरतं तिथे, त्यांनी बोट ठेवलं.

‘तुमी इथं कायच नाही काढलं.’

‘काय काढू?’

‘माह्या सैपाकखोलीच्या खाली हाय ते. घर बांधलं तवा भरायला पैसे नव्हते. वरून स्लॅब टाकला अन् ओटा बांधला. तुमी इथं यायच्या आधीची गोष्ट. तुमच्या वहिनीलेबी ठाऊक नाही. घुग्घूसचं झालं तवापासून मले झोप नाही, बाई.’

मी पेन काढलं. निब सुकली होती, दोनदा झटकली. त्यांच्या सांगण्यावरून भिंतीपासून सात फूट, दारापासून नऊ. वर्तुळ काढलं.

‘किती खोल?’

‘चाळीस फूट. दगडी बांधकाम हाय.’ ते जरा थांबले. ‘उन्हाळ्यात रात्री कान लावला तं अजून पाणी वाजते.’